बेडकाच्या मूत्राशयातला चपटकृमी नवा आहे, हे कधी म्हणायचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सिंधुदुर्गात पावसाळ्याच्या सुरुवातीला रस्त्यावर गाड्यांखाली मेलेले सात झाडबेडूक तुम्ही तपासले. त्यातल्या दोघांच्या मूत्राशयात मिळून चार चपटे कृमी सापडले. मागच्या टोकाला चकती, तिच्यावर सहा चूषक (चिकटून राहण्याच्या वाट्या) आणि दोन मोठे आकडे (हुक). भारतातल्या जुन्या नोंदींशी ते जुळत नाहीत. ही नवी प्रजाती म्हणता येईल का, आणि सिद्ध कशी करायची?

नवी असू शकते. पण हातातल्या चार नमुन्यांवर ते म्हणता येणार नाही. तुमच्याच लिहिण्याप्रमाणे त्यातले तीन दोन काचांमध्ये दाबून फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेले आहेत आणि चौथा प्रयोगशाळेतल्या साध्या स्पिरिटमध्ये. हे वाचून निराश होऊ नका. पुढचा पावसाळा आहे, आणि काय शोधायचे ते तुम्हाला आता कळले आहे. ही अर्धी लढाई असते.

आधी शब्दांचे एक सांगते, कारण मराठीत यावरून फार घोळ होतो. आपल्या जुन्या पाठ्यपुस्तकांत ‘जाती’ म्हणजे स्पीशीज आणि ‘प्रजाती’ म्हणजे जीनस. वर्तमानपत्रांत मात्र स्पीशीजलाच प्रजाती म्हणतात, तुम्हीही तसेच लिहिले आहे. म्हणून इथे प्रजाती म्हणजे स्पीशीज आणि जीनसला, म्हणजे जवळच्या स्पीशीजच्या गटाला, जीनसच म्हणते.

सहा चूषकांची चकती आणि मूत्राशयातला मुक्काम, या दोन गोष्टींवरून हा पॉलिस्टोमॅटिडी कुळातला मोनोजेनियन (परजीवी चपटकृमींचा एक गट) आहे हे जवळपास नक्की. बेडकाच्या आतड्यात किंवा फुफ्फुसात मिळणारे पर्णकृमी वेगळे. त्यांना दोनच चूषक असतात आणि जीवनचक्रात गोगलगाय लागते. या कुळातल्या पॉलिस्टोमाला गोगलगाय लागत नाही. नावाचाच अर्थ ‘पुष्कळ तोंडांचा’, आणि ती तोंडे म्हणजे मागचे चूषक. बेडूक विणीसाठी पाण्याशी आला की कृमीची अंडी त्याच्या लघवीबरोबर पाण्यात पडतात, त्यातून केसाळ अळी निघते आणि भैरोळ्याच्या, म्हणजे बेडकाच्या शेपटीवाल्या पिल्लाच्या, कल्ल्यांना चिकटते. भैरोळ्याचा बेडूक होताना कृमी मूत्राशयात पोहोचतो. युरोपातल्या राना टेम्पोरारिया या बेडकातला पॉलिस्टोमा इंटेजेरिमम यजमानाच्या, म्हणजे ज्याच्या शरीरात राहतो त्या बेडकाच्या, विणीच्या दिवसांतच अंडी घालतो, इतके त्याचे वेळापत्रक यजमानाशी बांधलेले आहे. तुमचे झाडबेडूक तर पाण्यावर टांगलेल्या फेसाच्या घरट्यात अंडी घालतात आणि भैरोळे तिथून खाली पाण्यात टपकतात. कृमीची अंडी त्याच डबक्यात, त्याच दिवसांत पोहोचावी लागतात. म्हणून तुम्हाला ते जूनमध्ये मिळाले यात नवल नाही, आणि पुन्हा शोधायचे तेही त्याच दिवसांत.

कल्ल्यांवरच्या अळीचे एक लक्षात ठेवा. अगदी कोवळ्या भैरोळ्याला चिकटलेली अळी कधी कधी मूत्राशयाची वाट न धरता कल्ल्यांवरच झटपट प्रौढ होते आणि अंडी घालते. हे कल्ल्यांवरचे रूप मूत्राशयातल्या रूपापेक्षा इतके वेगळे दिसते की माहीत नसणाऱ्याने त्यांना दोन प्रजाती म्हणावे. दोन्ही रूपे मिळाली, तर नाव एकच असू शकते ही शक्यता डीएनएने तपासल्याशिवाय सोडू नका.

आता जीनस. भारतातून १९५० मध्ये यूपॉलिस्टोमा हा जीनस मांडला गेला, पण त्याच्या चकतीवर मोठे आकडे नसतात. तुमच्या कृमीला दोन आहेत, म्हणजे तो बाजूला पडला. १९९१ मध्ये शिलाँगहून डिएंगडोह आणि टंडन यांनी राकोफोरस मॅक्सिमस या झाडबेडकातून पॉलिस्टोमा इंडिकम वर्णिला. जुन्या यादीत तुम्ही हेच नाव पाहिले असणार. परंतु २०१९ मध्ये शाबान, व्हर्नो आणि दु प्रीझ यांनी आशियातल्या झाडबेडकांच्या या कृमींसाठी इंडोपॉलिस्टोमा हा वेगळा जीनस केला. त्यात तीन नव्या प्रजातींचे वर्णन केले आणि आधी पॉलिस्टोमात असलेल्या आठ प्रजाती तिकडे हलवल्या. इंडिकम त्यांतली एक. तो ज्या बेडकातून मिळाला तोही आता झांगिक्सालस या जीनसमध्ये मोडतो. एकाच नोंदीतल्या यजमानाचे आणि परजीवीचे, दोघांचेही जीनस बदलले. नुसती ‘पॉलिस्टोमा, भारत’ अशी यादी शोधली, तर ही वाट सापडतच नाही.

‘भारतातल्या नोंदींशी जुळत नाही’ या तुमच्या वाक्यापाशी मी थांबले ते याचसाठी. कृमीला देशाची सीमा ठाऊक नसते. तो यजमानाच्या नात्यागोत्याने जातो. तुमची तुलना झाडबेडकांच्या कुळातून वर्णिलेल्या प्रत्येक प्रजातीशी व्हायला हवी: यामागुती यांनी १९३६ मध्ये वर्णिलेला राकोफोरी, चीनमधले पिंगबिआनेन्सिस, म्युटस आणि झुओई, आणि श्रीलंकेतला हकगलेन्स. मी असते तर सुरुवात हकगलेन्सपासूनच केली असती. सह्याद्री आणि श्रीलंका यांच्या बेडकांचे नाते जुने आहे, मग त्यांच्या कृमींचेही असेल असे धरून चालणे शहाणपणाचे. शिलाँगचा इंडिकम त्यानंतर.

या तुलनेसाठी मूळ वर्णन मिळवा, दुसऱ्याने केलेला सारांश नको. आणि शक्य असेल तिथे मूळ स्लाइड पाहा. संग्रहालये अभ्यासासाठी टाइप नमुने, म्हणजे ज्यांच्यावर प्रजातीचे नाव बेतले ते नमुने, दाखवतात. पाठवता येत नसतील तर फोटो आणि मोजमापे देतात. सविस्तर आणि विनम्र पत्र लिहिले तर बहुधा उत्तर येते, थोडी वाट पाहावी लागते इतकेच.

नमुना कसा मारला, यावर सगळे उभे असते. हे मी मनापासून सांगते, कारण मी स्वतः शिकत असताना यातच चुकले. बेडकाच्या फुफ्फुसातल्या पर्णकृमीत मला वृषणांची जागा आणि चूषकांचे प्रमाण, दोन्ही ज्ञात प्रजातीपेक्षा वेगळे दिसले. सात महिने मी त्याची चित्रे काढली, नावही ठरवले. माझ्या बाईंनी एक काम सांगितले: त्याच तळ्यातल्या बेडकांमधून पुन्हा कृमी काढायचे, पण काच न दाबता, गरम सलाइनने मारायचे. ते नमुने रंगवून पाहिले तर वृषणे जिथे असायला हवीत तिथेच होती. मी काचेचा दाब दिला होता आणि त्यालाच नवे लक्षण समजले होते. ते हस्तलिखित मी अजून जपून ठेवले आहे आणि दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना दाखवते.

म्हणून पुढच्या वेळी असे करा. मूत्राशय उभयचरांच्या सलाइनमध्ये उघडा, म्हणजे ०.६ ते ०.७ टक्के मिठाच्या पाण्यात. सस्तन प्राण्यांसाठीचे ०.९ टक्क्यांचे सलाइन चालणार नाही, त्यात कृमी आखडतो. जिवंत कृमी आधी दहा मिनिटे नुसता पाहा. तो रक्त पितो, त्यामुळे आतड्याच्या काळ्या फांद्या न रंगवताही स्पष्ट दिसतात. त्या कुठे जोडलेल्या आहेत, चकतीत शिरतात की नाही, हे तिथल्या तिथे रेखाटा. जिवंतपणी जे दिसते त्यातले बरेच रंगवलेल्या स्लाइडवर पुसट होते. मग सलाइन इतके कमी करा की कृमी जेमतेम भिजेल, आणि त्यावर वाफाळते सलाइन ओता. तो लांब होऊन एका क्षणात मरतो. लगेच १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये हलवा. फॉर्मॅलिन स्वतः उकळवू नका, त्याची वाफ फार वाईट.

पॉलिस्टोमावर काम करणारे बरेच जण काही नमुने कव्हरस्लिपच्या हलक्या दाबाखाली स्थिर करतात, कारण आकडे आणि आतड्याच्या फांद्या सपाट नमुन्यात चांगल्या दिसतात. त्यात चूक काही नाही. चूक होते ती दाबलेल्या नमुन्याची मापे न दाबलेल्याच्या मापांशी ताडून पाहण्यात. तुमच्या वर्णनात कोणता नमुना कसा मारला ते स्पष्ट लिहा, आणि जुन्या वर्णनात ते लिहिलेले नसेल तर त्यातल्या शरीराच्या लांबीरुंदीवर फार विसंबू नका.

मेलेल्या बेडकांचाही एक प्रश्न आहे. गाडीखाली मेलेला बेडूक पहाटेच्या गारव्यात तासाभरात मिळाला तर कृमी जिवंत असू शकतात. दुपारी मिळालेल्यातले कृमी मरून सैलावलेले असतात आणि त्यांची मापे फसवी निघतात. ते डीएनएसाठी वापरा, वर्णनासाठी नको. आणि रस्त्यावर मेलेला असला तरी बेडूक वन्यजीवच आहे, उचलण्याआधी वनविभागाची लेखी परवानगी घ्या. ती नसेल तर पुढे नियतकालिकही विचारते आणि संग्रहालयही.

रंगवण्यासाठी अॅसिटोकार्मीन किंवा बॉरॅक्स कार्मीन, दोन्ही चालतात. जास्त रंगवून आम्लयुक्त अल्कोहोलने हळूहळू उतरवणे ही माझी पद्धत, पण हे हाताच्या सवयीचे काम आहे, तुमच्या प्रयोगशाळेत जे चांगले जमते तेच करा. खरा वेळ आकड्यांना द्या. एखाददुसऱ्या नमुन्याची चकती कापून अमोनियम पिक्रेट-ग्लिसरीनमध्ये बसवली तर मोठे आकडे स्वच्छ दिसतात. त्यांच्या मुळाशी दांडा आणि त्याच्या बाजूचा फाटा यांच्यात किती खोल खाच आहे, ते नीट चितारा.

मोठ्या आकड्यांखेरीज चकतीवर सोळा अगदी बारीक आकड्या असतात. नवख्यांचे त्यांच्याकडे लक्ष जात नाही, पण माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे उत्तर तिथेच आहे. कृमी वाढतो, चूषक वाढतात, मोठे आकडे वाढतात, अंडाशय ऋतूप्रमाणे फुगतो. या बारीक आकड्या मात्र अळीच्या अवस्थेतच पूर्ण वाढतात आणि पुढे आयुष्यभर तितक्याच राहतात. म्हणून कोवळ्या आणि जुन्या कृमीची तुलना यांच्यावरून निर्धास्तपणे करता येते. दु प्रीझ आणि मारित्झ यांनी २००६ मध्ये या आकड्यांची मापे घेण्याची पद्धतच मांडून दिली. तेल-भिंगाखाली, आकडी अगदी आडवी पडलेली असेल तेव्हाच मोजा. तिरकी आकडी मोजणे म्हणजे चुकीचे माप लिहिणे. तुमच्या दाबलेल्या तीन नमुन्यांचा उपयोग इथे होईल: शरीराची मापे बिघडली असतील, पण कठीण आकड्यांची नाही. ते नमुने टाकून देऊ नका.

आणखी लक्षणे: जननछिद्राभोवतीच्या काट्यांची संख्या, आतड्याच्या दोन फांद्यांमधले आडवे जोड किती, गर्भाशयात अंडी किती आणि केवढी, चकतीची लांबी शरीराच्या किती पट. प्रत्येक माप किमान आणि कमाल मर्यादेत द्या, सरासरी द्या आणि किती नमुन्यांवरून घेतले ते लिहा. एका नमुन्यात सात काटे आणि दुसऱ्यात आठ, म्हणजे दोन प्रजाती झाल्या असे नाही. एकाच बेडकातल्या दोन भावंडांतही एवढा फरक असतो.

चार नमुने कमी पडतील हे उघड आहे. पण अधिक नमुन्यांसाठी बेडूक मारत सुटू नका. पॉलिस्टोमा बहुतेक ठिकाणी थोड्याच बेडकांत असतो आणि एका बेडकात एकदोनच. आंधळेपणाने शोधायला निघालात तर निरोगी बेडकांचा बळी जाईल. पॉलिस्टोमाचे अभ्यासक यासाठी एक साधी पद्धत वापरतात आणि ती मला फार आवडते. प्रत्येक बेडूक वेगळ्या बरणीत, तळाशी थोडे पाणी घालून रात्रभर ठेवायचा. सकाळी ते पाणी पेट्री डिशमध्ये घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. मूत्राशयात प्रौढ कृमी असेल तर पिवळसर तपकिरी अंडी तळाशी बसलेली दिसतात. ज्यांच्या पाण्यात अंडी नाहीत ते बेडूक जिथून आणले तिथेच सोडून द्यायचे. अंडी मिळाली तर ती तशीच पाण्यात ठेवून रोज पाहा, अळी बाहेर पडली की तिच्या सोळा आकड्या मोजता येतात. म्हणजे बेडकाला हात न लावता सगळ्यात महत्त्वाचे लक्षण हातात आले. संस्थेच्या प्राणी-नीती समितीची मान्यता याला लागते, पण ‘बहुतेक बेडूक सोडून देणार’ असे लिहिलेला अर्ज समितीलाही पटतो.

यजमानाची ओळख कृमीइतकीच काळजीने करा. ‘झाडबेडूक’ एवढे पुरेसे नाही. पॉलिपेडेटस मॅक्युलेटस, मलबारचा उडता बेडूक, की आणखी कोणी? बाजूने, पाठीवरून आणि मांडीच्या आतल्या नक्षीचा फोटो घ्या, मांडीचा थोडा स्नायू अल्कोहोलमध्ये ठेवा. आपल्याकडच्या जुन्या परजीवी-नोंदींची मोठी अडचण हीच आहे. ‘राना लिम्नोकॅरिस’मधून मिळाला असे लिहिलेले असते, आणि त्या एका नावाखाली आता कितीतरी वेगवेगळे बेडूक निघाले आहेत. राना टायग्रिना म्हणजे आजचा होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस हे तरी कळते, पण लिम्नोकॅरिसच्या नोंदीतला बेडूक नेमका कोणता होता हे सांगायला आता कोणी नाही आणि बरणीत बेडूकही नाही. तुमच्या वाचकावर तीस वर्षांनी अशी वेळ आणू नका.

डीएनएसाठी कृमी ९६ टक्के किंवा त्याहून शुद्ध इथेनॉलमध्ये हवा. प्रयोगशाळेतल्या कपाटातले डिनेचर्ड स्पिरिट नको, आणि फॉर्मॅलिनचा एक थेंबही नको. शक्य असेल तर एकाच कृमीचा लहानसा तुकडा डीएनएसाठी घ्या आणि उरलेला, विशेषतः चकती, स्लाइडवर बसवा, म्हणजे डीएनएची क्रमवारी नेमकी कोणाची हे पुढे कोणालाही पाहता येईल. २८ एस आणि १८ एस या जनुकांवरून तो इंडोपॉलिस्टोमात बसतो का ते कळेल. प्रजातीच्या पातळीवर सीओआय हे मायटोकॉन्ड्रियातले जनुक अधिक बोलके. एक व्यावहारिक सूचना: कृमीच्या पोटात बेडकाचे रक्त असते, त्यामुळे सर्वसाधारण प्रायमर (डीएनएचा हवा तो भाग निवडणारे छोटे तुकडे) वापरलेत तर बेडकाचीच क्रमवारी हाती येऊ शकते. तुकडा चकतीजवळचा घेताना आतड्याची फांदी टाळा आणि आलेली क्रमवारी आधी जनुकपेढीत ताडून पाहा. फरक किती टक्के असला की नवी प्रजाती, असे मला नेहमी विचारतात. अशी सगळ्यांना लागू होणारी टक्केवारी नाही. आकड्यांचा आकार, यजमान आणि डीएनए तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर मी नाव द्यायला तयार होते. एकट्या टक्केवारीवर नाही.

इतका कडकपणा कशासाठी, असे वाटेल. २०११ मध्ये आशियातल्या मागूर माशातल्या, क्लॅरियस बॅट्रॅकसमधल्या, कॅरिओफायलिडियन पट्टकृमींची फेरतपासणी प्रसिद्ध झाली. त्या एका माशातून ५९ प्रजातींची नावे दिली गेली होती. ग्राह्य ठरली फक्त ८. बाकीची नावे बहुतांशी आपल्याच देशातली. दाबलेले नमुने, दोनतीन स्लाइडवर केलेली वर्णने, चुकलेली मापे. या कामातल्या माणसांनी कष्ट केले होते, गावोगावच्या बाजारांतून मासे आणून रात्री रात्री स्लाइड केल्या होत्या. ते कष्ट अशा रीतीने पुसले गेले याचे मला खरेच दुःख होते, आणि तुमच्या कामाचे तसे होऊ नये असे वाटते.

सगळे जुळून आले आणि कृमी खरोखर नवा ठरला, तर उरते ते कागदोपत्री काम. एक नमुना होलोटाइप, म्हणजे नावाचा मुख्य आधार, म्हणून निवडा, बाकीचे पॅराटाइप, म्हणजे त्याच्या जोडीचे नमुने. प्राणिनामकरणाच्या संहितेप्रमाणे १९९९ नंतरच्या नावाला टाइप नमुना निश्चित केलेला असणे आणि तो कुठे ठेवला हे लिहिणे बंधनकारक आहे. लेख फक्त इलेक्ट्रॉनिक स्वरूपात निघणार असेल तर झूबँकमध्ये, म्हणजे प्राणिनामांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत, आधी नोंदणी लागते. जैवविविधता कायदा, २००२ च्या कलम ३९ प्रमाणे नव्या प्रजातीचा नमुना नेमून दिलेल्या संस्थेत जमा करावा लागतो. आपल्यासाठी ती भारतीय प्राणी सर्वेक्षण. मुख्यालय कोलकात्याला, आणि पश्चिम विभागाचे केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. चौकशी पुण्यातूनच सुरू करा, लेख पाठवण्याआधी नोंदणी क्रमांक हातात घ्या. नाव ठेवताना व्याकरण पाहा: ‘स्टोमा’ नपुंसकलिंगी आहे, म्हणून इंडिकम, इंडिकस नाही. गावाचे नाव देणार असाल तर शेवटी ‘एन्से’ लागेल.

आत्ता या आठवड्यात इतके करा. तीन दाबलेल्या नमुन्यांपैकी एकाची चकती मोकळी करून सोळा आकड्या शोधा, ज्या आडव्या मिळतील तेवढ्याच मोजा, आणि श्रीलंकेच्या हकगलेन्सचे मूळ वर्णन मागवा. स्पिरिटमधल्या चौथ्या नमुन्यातून डीएनए निघेल याची आशा थोडी आहे, तरी तो आजच शुद्ध इथेनॉलमध्ये हलवा. ज्या दोन बेडकांत कृमी मिळाले ते कुठल्या रस्त्यावर, कोणत्या डबक्याजवळ सापडले ते वहीत असेल तर ती जागा नकाशावर टिपून ठेवा. पुढच्या जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री बरण्या घेऊन तिथेच जायचे आहे.